सात नंबरची खोली

अकरा वर्षं याच खुर्चीवर पहारा करतोय.
गेंटच्या या संग्रहालयातलं प्रत्येक चित्र
मला पाठ आहे, असं वाटायचं.

आज बालवाडी आली. छातीवर नावांचे स्टिकर:
वाउट, इमाने, लोटे, न्सिंबा.
बाईंनी पाटी वाचली,
मसाल्यांचा व्यापारी, त्याची पत्नी,
कुत्रा कास्तोर.

"आणि तो?"
न्सिंबाचं बोट कोपऱ्यात,
फळांचं तबक धरून उभ्या पोराकडे.
बाईंनी पाटी पुन्हा वाचली.
भिंत नसती तर मागूनही वाचली असती.

"कुत्र्याला आहे नि त्याला नाही?
रडीचा डाव!" वाउट ओरडला,
मग सगळेच. एकजण मात्र भूक लागली म्हणून.

न्सिंबानं छातीवरचा स्टिकर सोलला,
पाटीखाली चिकटवला.
"त्याचं सापडेपर्यंत माझं वापरू दे."

भिंतीला काही लावू द्यायचं नाही,
नियम आहे.
पाच वाजता मी नखानं एक कड उचललीही.
तेवढ्यात त्या पोराची मनगटं दिसली.
तबक जड असणार,
हे अकरा वर्षांत आज कळलं.

कड परत दाबली अंगठ्यानं.
सकाळी झाडायला येणारी मार्लेन विचारेल.
काय सांगायचं, अजून ठरलं नाही.