माप

बाबा शवपेट्या करायचे.
दारातून माणूस आत आला की
आधी त्याच्याकडे खांद्यापासून बघत,
मग चेहऱ्याकडे.
आई चिडायची : जिवंत माणसांना तरी
मोजू नका, अलोयझी.

फितीला हात न लावता सांगत,
एकशे बाहत्तर. पाय जरा बाहेर वळलेले.
आणि म्हणत, पेटी सैल झाली
तर उतारावर माणूस आत वाजतो,
मागून चालणाऱ्या बायकोला ऐकू येतं.
एवढं एक तिला ऐकू येऊ नये,
बाकी देवाचं देव बघेल.

मी ग्लिवित्सेच्या बाहेर, हमरस्त्यालगतच्या
गोदामात पॅकिंग करते. टेबल एकोणचाळीस.
पडदा सांगतो : खोका सात.
मी सात उघडते,
त्यात एक लिपस्टिक ठेवते.
ती कोपऱ्यात जाऊन पडते
नव्या शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या पोरीसारखी.
मग कागद. यंत्रातून येतच राहतो कागद,
चुरगळायचा, कोंबायचा, वर पुन्हा कागद,
चिकटपट्टी, पत्ता, पुढचा.
पडदा सांगतो : खोका सात.
शिवायच्या सुया.
पडदा सांगतो : खोका सात.
कुणाचं तरी कुलूप, किल्ल्यांसकट.

रात्री ट्रक निघतात जर्मनीच्या दिशेने.
पावत्यांवर काय काय लिहिलेलं असतं,
हवेचं नाव कुठेच नसतं,
आणि पाय पसरून बसलेली असते तीच,
फुकट्या पाहुण्यासारखी.

नोव्हेंबरात बाबांच्या कानयंत्राचे सेल संपले.
मी मागवले, आमच्याच कंपनीकडून.
खोका आला. सात नंबर.
चिकटपट्टी माझ्या हातची नव्हती,
रात्रपाळीतल्या ओलेस्याची, टोक दुमडलेलं.
बाबांनी तो दारातच घेतला, दोन्ही हातांनी,
आणि हलवला.
ऐकू येत नव्हतं, तरी हातांना कळलं.
विचारलं, "कोण गेलं?"

मी हसले नाही.

त्यांनी कागद उपसला,
स्वयंपाकघरभर अंथरला, अकरा हात भरला.
तळाशी सेल. सहा. करंगळीच्या नखाएवढे.
मग चाकू मागितला, पेन्सिल,
पाव कापायची फळी.
दुपारभर बोलले नाहीत.
खोक्याच्या एकाच भिंतीच्या तुकड्यातून
काडेपेटीएवढी पेटी केली,
झाकणाला जीभ, जिभेला खाच,
चिकटपट्टीचं काम नाही.
एक सेल कानयंत्रात, पाच पेटीत.
पेटी कानाशी नेऊन हलवली.
काही वाजलं नाही.
"आता जाऊ दे त्याला," म्हणाले.

उरलेलं सगळं, तीन भिंती, तळ, झाकण,
कपाटामागे सरकवून ठेवलं.
एवढ्यात, म्हणे, अख्खी गल्ली बसेल.

सोमवारी ती पेटी मी
टिमोतेउश साहेबांच्या टेबलावर ठेवली.
वय एकोणतीस, गळ्यात दोन ओळखपत्रं.
म्हणाले, खोके आम्ही ठरवत नाही, रोझाल्या,
डब्लिनला ठरतात. सातमध्ये सगळं मावतं,
कुणाला विचार करावा लागत नाही.
विचाराला चार सेकंद लागतात,
चार सेकंद गुणिले नव्वद टेबलं,
गुणिले…
बोलता बोलता त्यांनीही ती उचलली
आणि कानाशी नेऊन हलवली.
सगळेच हलवतात.
मग थोडा वेळ गुणाकार थांबला.

तीन आठवड्यांनी पडद्यावर आलं :
कानयंत्राचे सेल, खोका एक.
फक्त सेल.
लिपस्टिक सातमध्येच. सुया सातमध्येच.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले,
एकाचं तरी माप घेतलं त्यांनी.
मग विचारलं, कुलुपाचं काय?

आता मी चार सेकंद घेते.
पडदा सांगतो सात,
मी वस्तू हातात धरते,
खांद्यापासून बघते,
खालच्या फळीवरचा दोन नंबर ओढते.
पडदा लाल होतो.
होऊ दे.
शेजारच्या टेबलावर, अडतीसवर,
आज सकाळी आणखी एक लाल झाला.