अक्कड

नाव त्याचं आर्काडी.
साखर पेठेत, आमच्या तेलुगू गल्लीत, ते टिकलं नाही,
दोन दिवसांत त्याचं अक्कड झालं.
अक्कड म्हणजे तिकडे.
तिकडून आलेला सहा फुटी माणूस,
पुढचे दोन दात नाहीत,
मिलमध्ये रशियन माग बसवायला.

मी येमूलांचा लक्ष्मीपती, वय अकरा,
वडिलांचा डबा घेऊन भोंग्याआधी फाटकाशी.
दुभाषी त्या दिवशी रजेवर.
अक्कडनं गोदामाच्या फरशीवर खडूनं लांबट गोल काढला,
दोन्ही टोकांना चौकट,
आणि छातीवर थाप मारून
एका चौकटीसमोर फुली.
बचाव. अकरा हंगाम.
गोल किती, म्हणून विचारलं
तर तीन बोटं वर केली,
जरा थांबून एक मिटलं.

बाकीचं पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं.
गोठलेली नदी, आईच्या जुन्या बुटांना बांधलेली पाती,
दुय्यम फळीतला संघ, रात्रीच्या गाड्या,
राजधानीत एकच सामना, तोही बाकावर बसून.
मग गुडघा.
मग कारखान्यातल्या पोरांचा कोच.
कोच म्हणजे काय, आम्ही विचारलं.
रेवणसिद्ध हिप्परगी भाषांतर करून करून थकलेला,
म्हणाला, "ज्याचे बूट खिळ्याला आणि तोंड चालू."

गोदामात आम्ही नऊ जण.
चाकांत रिंग फ्रेमची बेअरिंगं,
काठ्या बाभळीच्या, वाफेवर वाकवलेल्या,
चकती म्हणून मागाचा झिजलेला पिकर,
म्हशीच्या कातड्याचा,
नडगीवर बसला की आठवडाभर निळं.
पहिला महिना त्यानं फक्त पडायला शिकवलं.
डावीकडे पड. उजवीकडे पड. हसत पड.
दस्तगीर म्हणाला, एवढं तर मला येतंच.

मे महिन्यात पत्रे तडतडायचे.
अक्कडचं नाक सोललेल्या गाजरासारखं.
रविवारी तो स्टेशनामागच्या बर्फाच्या कारखान्यात
नुसता उभा राहायला जायचा.
एकदा आम्हालाही नेलं.
मालकानं भुसा झटकून एक लादी आडवी केली.
अक्कडनं पिशवीतून बूट काढले,
खरे, पात्यांना तेल लावलेले,
नाड्या बांधायला इतका वेळ घेतला
की लादीची कड ओघळू लागली.
मग चढला.
एक पाय ढकलला, अर्धं वळण, थांबला.
अडीच हातांत आणखी काय होणार.
कोरं मांजरपाट फाडावं तसा आवाज झाला,
बर्फाचा कीस उडून माझ्या पायावर पडला.
मालक म्हणाला, पैसे नकोत, पण पुसून द्या.
संध्याकाळी ती लादी रसाच्या गाड्यावर गेली.

माग चालू झाले आणि तो गेला.
पुढे मिल बंद पडली, माग भंगारात,
वडिलांचे हिशेब अजून कोर्टात.
दस्तगीर गुलबर्ग्याला ट्रक चालवतो,
पडायचा प्रसंग आला नाही म्हणतो.

आता माझे बूट खिळ्याला.
सिमेंटच्या कोर्टावर संध्याकाळी चौदा पोरं,
चाकं दुकानातली, गुडघ्यांना पॅड,
कडेला आया कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे डबे धरून.
मीही एकदाच खेळलो राज्याकडून,
बाकावर बसून.

त्याला तेलुगूतला एकच शब्द यायचा, स्वतःचं नाव.
पास कुठे द्यायचा, हे सांगायला
काठी रिकाम्या कोपऱ्याकडे करून तो तेच ओरडायचा.
आम्ही म्हणायचो, तिथे कुणी नाही.
तो मान हलवायचा, जणू आम्हीच बरोबर बोललो.

काल बल्लांची सिंधुजा दोघांत अडकली.
माझ्या तोंडून निघालं, अक्कड!
तिला ते घरचंच,
न बघता मारली.
कोपरा रिकामा होता.
मग नव्हता.