एकवीस कोरे

रावपुऱ्यातल्या तळघरात, नळीच्या आत
मला चेहरे दाखवतात. एकेक. चार सेकंद.
बटण दाबायचं: राग, भीती, आनंद, काहीच नाही.

'हलता नहीं, बेन,' काचेपलीकडून जिग्नेशभाई.
काय होतं त्या आवाजात?
तीन चेहरे मी त्यातच घालवले.

मग डॉक्टर देवस्थळीबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.
हे बघ, बदामाएवढं.
चटकन पेटतं, विझता विझत नाही.
आणि कपाळामागचा हा, आवरणारा,
उशिरा पोचतो.

बदाम.
आई रात्री चार भिजत घालायची,
सकाळी साल काढून हातावर. बुद्धीसाठी.

अठ्ठावीस चेहऱ्यांना मी 'राग' दाबलं होतं.
त्यातले एकवीस कोरे.
कोरे, म्हणजे कुणी रागावलेलंच नव्हतं.

बाहेर चारू, स्कूटरवर,
हेल्मेटची काच खाली.
सुरसागर आला तरी अक्षर नाही.
तिच्या कमरेवरचे माझे हात
सुटायला लागले,
तिने सोडायच्या आत.

सिग्नलला तिने काच वर केली.
'शेवउसळ खायची? केव्हाची भूक लागलीय गं.'

बाविसावा, म्हटलं मनात.
हात होते तिथेच ठेवले.
थरथरत होते, तरी.