पाकिटामागचा हिशेब

विजेच्या बिलाचं पाकीट उलटं करून
अग्राफेना लिहिते: यंत्र.
पुढे काहीच नाही.
पेन्सिलीला चाकूनं टोक काढते,
त्याच चाकूनं, ज्यानं सकाळी
सव्वीस साल्मन चिरले.

कॉफीच्या डब्यात तीनशे बारा डॉलर.
त्यातले चाळीस चर्चच्या छपराचे,
ते मोजायचे नाहीत,
असं म्हणत ती ते दर वेळी मोजते.

स्वस्तातलं ऐंशीला,
परस्कोव्याकडे आहे तसलं.
पंधरा पिशव्यांची हवा ओढली की
ते स्वतःच धापा टाकतं,
मग त्याला अर्धा तास विश्रांती.
तोवर ओट्यावरचा मासा काही वाट बघत बसत नाही,
बसतात त्या माशा.

महागातलं सहाशे नव्वद.
पोलादी, रुंद, सूपसुद्धा बंद करतं म्हणे.
सूप तर ती त्याच संध्याकाळी संपवते.
केशा म्हणाला, काकू, एकदाच घे, चांगलं घे.
केशा अजून हप्ते फेडतोय,
एकदाच घेतलेल्या
चांगल्या होडीचे.

मधलं दोनशे दहा.
वजन अकरा पौंड,
आणि कोडियाकहून इथवर
ते इवलं विमान पौंडाला दीड डॉलर घेतं,
वैमानिकाला लहानपणी आपण न्हाऊ घातलेलं असलं तरी.
लिहिते: साडेसोळा.

मग रोल. इथे हात थांबतो.
कुत्रा फुकट मिळतो,
त्याचं पोट फुकट भरत नाही.
चौदा डॉलरला एक, पन्नास फूट,
म्हणजे सहाशे इंच.
साठ मासे, एकशेवीस बाजू.
आख्खी बाजू वीस इंचांच्या पिशवीत: चार रोल.
एका माणसाच्या जेवणाएवढे तुकडे केले तर
प्रत्येकी दहा इंच,
कारण शिवण दोन्ही टोकांना लागतेच,
तुकडा केवढाही असो:
सहा रोल.

ती पुन्हा गुणते.
तेच येतं.
घरात माणसं होती तेव्हा चार,
आता एकटी, तर सहा.

शीतपेटीच्या तळाशी,
मटणाच्या तपकिरी कागदात गुंडाळलेलं
एक पुडकं आहे.
त्यावर लुक्यानचं अक्षर: चांदेरी, सप्टेंबर.
साल लिहायची त्याला सवय नव्हती.
आत मासा पांढरा पडला असणार,
पाठीवर बर्फाचं पीठ,
कोपरे खडूसारखे.
हवा लागली की चव जाते, हे सगळ्यांना ठाऊक.
दर वर्षी ती ते बाहेर काढते,
पेटी पुसते,
परत तळाशी ठेवते.
त्याला कुठलीही पिशवी नको.
हिशेबात ते धरलेलं नाही.

बाहेर धूरघरात आल्डरची लाकडं
ओली आहेत, कुरकुरताहेत.

ती सहावर काट मारते.
चारावरही.
तीन रोल, बेचाळीस,
नव्वद बाजू, आख्ख्याच्या आख्ख्या.
उरलेले पंधरा मासे धुरात,
यंत्र नव्हतं तेव्हा जसे जायचे तसे.

आख्खी बाजू एकटीला तीन दिवस पुरते,
आणि तिसऱ्या दिवशी
मासा माणसाकडे बघायला लागतो.
तेव्हा वितळायला काढायची
तर आधी कुणाला तरी हाक मारायला हवी.
म्हणजे खर्च वाचवायचा
तर माणसं जेवायला बोलवायची.
हे गणित तिला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं.
ती मोठ्यानं हसते,
चुलीजवळची मांजर डोळे उघडून
परत मिटते.

दोनशे अडुसष्ट आणि अर्धा.
छपराच्या चाळिसाला हात न लावता
उरतात साडेतीन.
ती रेघ मारते.
टोक पुन्हा मोडलेलं, तरी
रेघेखाली दाबून लिहिते:
परस्कोव्या, मंगळवार.
केशा (बायको येणार का, विचारायचं).
वैमानिक,
वारा पडला नाही तर.