एक ते चार

परभणीत, मोंढ्याच्या कोपऱ्यावर, माझं कॉफीचं दुकान.
मशीन जुनं, पुण्याहून आणलेलं.
आधीच्या मालकाचं नाव खरवडून काढलं,
तरी उन्हात तिरकं पाहिलं की दिसतं.

मे महिन्यात एक ते चार गिऱ्हाईक नाही.
त्रेचाळीस डिग्रीत कोण येणार वाफाळतं कडू प्यायला?
एटीएमच्या दाराखालून गार हवा येते
तिथं नाक लावून कुत्री निजतात.
आणि आत आमचं मशीन
बॉयलर भरून, सुई ताठ,
जणू वरात आत्ता दारात येणार.

आबांनी बिल दोनदा उलटून पाहिलं.
अठ्ठावीस वर्षं खांबावर काढलेला माणूस.
काही बोलले नाहीत. स्टूल घेतलं,
मीटरसमोर बसले आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे,
आणि पेन्सिलीनं भिंतीवर लिहिलं :
तीन तास, दोन युनिट.
"सगळी दुपार पाणी तापायलंय. कुणासाठी?"

"बंद केलं तर पुन्हा तापायला अर्धा तास, आबा."

मग पुस्तिकेत ते बटण सापडलं.
तीन सेकंद दाबून धरलं.
कुठंतरी आत टिक झालं,
सुई हळूहळू खाली झुकली
आणि एक नारिंगी ठिपका उरला.
आबांनी कप ठेवतो त्या पत्र्यावर तळवा टेकला.
"कोमट हाय.
म्हणजे विस्तव झाकला म्हण की.
गफूरभाई भट्टीवर रात्री राख ओढायचे,
पहाटे दोन फुंका मारल्या की लाल."

थोड्या वेळानं, मीटरकडंच बघत :
"बंद करणं सोपं असतंय.
किती जणांची लाइन कापली मी.
जोडायला गेलो की पाणी द्यायचे,
बोलायचे नाहीत."

दोन चाळीसला काचेचं दार ढकलून
सिव्हिलची सिस्टर आली, जयमाला खंदारे.
रात्रीची पाळी ओढत ओढत दुपारपर्यंत आलेली.
"एक कडक."
"बारा मिनिटं लागतील, ताई."
"लागू द्या," म्हणाली,
आणि पर्स उशाला घेऊन टेबलावर डोकं ठेवलं.

सुई चढत गेली.
घरघर. मग शांत. हिरवा दिवा.
मी दांडीत पूड दाबली, कप उचलला.
आबांनी लांबूनच हात केला.
"कामून उठवायलीस?"

तिचा एक हात टेबलाखाली लोंबत होता,
मनगटावर निळ्या पेनानं लिहिलेलं
कुणाचं तरी बीपी, अर्धवट पुसलेलं.

आबा उठले. गुडघा वाजला.
ते बटण त्यांनी स्वतः दाबलं
आणि एक, दोन, तीन
मनातल्या मनात मोजले, ओठ हलले.

चारला आबांनी भिंतीवर आकडा टाकला : पाऊण.
मीटर एकच्या वर गेलं होतं, मी पाहिलं होतं.
त्या बारा मिनिटांचं
त्यांनी धरलं नाही.