हिवायाची चार बोटं

धरणगावात गाडीला रंग मारायचा तर जिनिंग थांबल्यावर,
हे मला ठाऊक होतं. तरी फेब्रुवारीत मारला.
अत्तरदे बाईंना घाई नव्हती. मलाच होती.
मॉरिस, त्रेपन्न सालची,
सरकीच्या गोदामामागे अठ्ठावीस वर्षं उभी,
टपाच्या जागी नुसत्या फासळ्या
आणि फासळ्यांत होल्यांची घरटी.

पत्रा घासत गेलो तसा एकेक मालक निघत गेला.
वरती कुणा ठेकेदाराचा लाल,
त्याखाली सरकारी करडा,
त्याखाली हिरवा, ब्रशनं फासलेला, ब्रशचे केस अजून आत,
आणि सगळ्यांत खाली, डिकीच्या बिजागरीच्या पोटात
नखाएवढा साईचा रंग.
बाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, हाच.

ती साय जमवायला नऊ डबे गेले.
पांढऱ्यात पिवळा एक थेंब कमी पडला की ताक,
एक जास्त झाला की वरण.
वॉटरपेपर आठशेचा, हजारचा, दीड हजारचा,
घासून घासून बोटांचे ठसे गेले.
रेशन दुकानातलं मशीन मला ओळखेना.

शेवटचा हात मारला पहाटे चारला,
शटर ओढून, फरशीवर पाणी शिंपडून.
उजाडल्यावर बघतो तर डाव्या दारावर
कापसाचा एक तंतू.
लॅकरच्या आत, झोपेत कुशीवर वळल्यासारखा.
मी पेपर उचलला
तेवढ्यात हुसनोद्दीन आला, टपाचं माप घ्यायला.
वाकून बघितलं त्यानं, बराच वेळ.
"राहू दे भो. आमच्या आज्याची सही शे ती."
त्याचा आजा पिंजारी. बाप गाद्या भरायचा.
हा ट्रॅक्टरच्या सीटा शिवतो,
असला टप त्यानं जन्मात शिवला नव्हता,
आणि तसं पहिल्याच दिवशी सांगितलंही होतं.

टप बसवला मे महिन्यात, भर दुपारी.
काळं कापड उन्हानं पापडाच्या लाटीसारखं मऊ,
ओढावं तितकं येत होतं.
मी म्हटलं, ओढ. डफासारखं ताण.
खाली माझा रंग आरसा,
वर ही सुरकुतलेली गोधडी कशाला?
त्यानं तोंडातले खिळे काढले नाहीत,
खिळ्यांच्या फटीतूनच बोलला,
"हिवायासाठी चार बोटं सोडतो."
मी हसलो. मग चिडलो.
मग बाईंकडे गेलो तक्रार घेऊन.

बाई भूगोल शिकवायच्या.
अंगणातल्या तापमापीची त्यांची वही,
रोजची नोंद, कमाल लाल शाईत, किमान निळ्या.
मे काढून दाखवला : शेहेचाळीस.
जानेवारी काढला : सहा पूर्णांक आठ.
"एकोणचाळीस अंशांचं गाव आहे आपलं," म्हणाल्या,
"कापडालाही इथेच राहायचंय."

त्यानंतर मी गाडीकडे पाठ करूनच चहा प्यायचो.
लोक रंगाला हात लावून बघायचे,
मला दिसायची टपाची ती सैल,
जेवून बसलेल्या माणसासारखी ढेरी.

पौषात बाईंनी दोघांना बोलावलं, सूर्य उगवायच्या आत.
हरभऱ्यावर धुकं. बोलताना तोंडातून वाफ.
हुसनोद्दीननं फासळ्या उचलून टप पुढे आणला.
कापड आखडलेलं, वाळल्या कातड्यासारखं कडक.
पहिला आकडा बसला.
दुसऱ्याला दोघांनी जोर लावला,
मी सीटवर गुडघा टेकून, तो बाहेरून लोंबकळून.
टक्.
सुरकुती नावाला नाही.
मी नखानं वाजवलं. वाजलं.
त्यानं विडी पेटवली, एका डोळ्यानं शिवण बघितली.
"अर्ध्या बोटानं चुकलो," म्हणाला.

बाईंनी गाडी एरंडोलच्या रस्त्याला काढली.
दोघांचं काही बोलणं झालं नाही.
मी डाव्या बाजूला होतो.
काच खाली केली, थंडी आत आली,
मागून हुसनोद्दीन ओरडला,
तरी अंगठा बाहेर काढून दारावरून फिरवत राहिलो.
सात-आठ महिन्यांत ठसे पुन्हा उगवले होते.
त्या नव्या रेघांना तो तंतू
लागला एकदाचा.