लाभ

एकतीस वर्षं मार्केट यार्डात
हळदीची पोती वाहिली या पाठीनं,
आणि डॉक्टर म्हणतो, दऱ्याप्पा, पाठीचा व्यायाम कर.
हसूच आलं.
कृष्णेला पाणी पाज म्हटल्यासारखं.

तरी गेलो. लेकीनं नाव घातलं होतं
विश्रामबागेत, कार्यालयाच्या मागच्या हॉलात, पहाटे साडेपाचला.
मगदूम बाई शिकवतात, टपाल खात्यातून रिटायर झालेल्या.
अंगानं काडी,
बोलणं पाकिटावर शिक्का मारल्यासारखं.
सगळ्यांच्या निळ्या-जांभळ्या मॅटा,
माझं एक धुतलेलं बारदान.
कुणी काही बोललं नाही.
शेजारच्या भांड्याच्या दुकानवाल्यानं नाक ओढलं फक्त,
मग हळूच म्हणाला, राजापुरी काय?

वाका म्हणाल्या, वाकलो.
वाकणं मला नवं न्हाई.
पण हात गुडघ्याशी अडले ते अडलेच,
आणि तो भांडीवाला, एवढं पोट,
पायाचा अंगठा धरून माझ्याकडं बघत होता.
साठ किलो सहज पेलणाऱ्याला
स्वतःचा अंगठा
वीतभर लांब.

"दऱ्याप्पा, खांदे सोडा."
माझ्या मते सोडलेलेच होते.
"सोडा हो, कानाला लागलेत."
आता बाईंना काय सांगावं,
या खांद्यांवर लेकीचं डी.एड. झालं,
मंडळींचं ऑपरेशन झालं.
खांदा ढिला पडला की पोतं घसरतं,
आणि घसरलेल्या पोत्याखाली
सिद्राम सापडला होता माझ्या डोळ्यांदेखत,
अजून काठी घेऊन चालतो.
मी नुसतं "व्हय" म्हटलं.

मग श्वास मोजायचा. घेताना मोजा, सोडताना मोजा.
मी चालू केलं:
लाभ, दोन, तीन...
आमच्यात एक म्हणत न्हाईत.
पहिलं माप पडलं की लाभ.
चौथ्याला खोकला आला, छातीतली धूळ हलली,
हॉलभर माझाच आवाज.
बाई थांबल्या. सगळे थांबले.
"पुन्हा. घाई कुणाला आहे?"
पुन्हा लाभ.

शेवटी उताणं पडायचं.
"आता काही करू नका."
असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.
दुपारी थप्पीवर पडतो मी, न्हाई असं न्हाई,
पण एक कान गेटाकडं,
गाडी लागली की उठायचं.
तसाच पडलो. कान गेटाकडं.
गाडी आली न्हाई.
बराच वेळ आली न्हाई.
कुठंतरी दूध घालणाऱ्याची किटली वाजली,
आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून
काहीतरी कानात उतरलं, गार.
घाम असेल.

दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस बुडवले.
गुडघा धरला होता, सौद्याचे दिवस होते,
आणि खरं सांगायचं तर
त्या उताणं पडण्याचीच भीती वाटत होती.
चौथ्या दिवशी बाईंनी विचारलं न्हाई,
बारदानाएवढी जागा
तशीच सोडलेली होती.

अंगठा अजून लागला न्हाई.
चार बोटं उरलीत.

परवा गाडी भरत होतो.
पोतं पाठीवर, पाय फळीवर,
श्वास आत घेतला, सोडला,
वरनं बाबालाल ओरडला, "कितवं रं?"
सतरावं होतं.
माझ्या तोंडातनं गेलं, "लाभ."

सगळी गाडी परत मोजायला लागली.
तोलाईदारानं आईमाई काढली.
मी खाली उभा,
खांदे सोडून.